अनुभवाचा दाखला

पुण्याहून मुंबई रस्त्याने निघून दापोडी आणि कासारवाडी मागे टाकली, की पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची जुनी, वृक्षांनी वेढलेली वसाहत लागते. १९५४ साली, म्हणजे टेल्को आणि बजाज यांच्या कारखान्यांची जोती अजून या माळावर पडावयाची होती तेव्हा, भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हा कारखाना स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी येथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आज ज्याला आपण मोटारींचा मुलूख म्हणून ओळखतो, त्याच्या औद्योगिक इतिहासाच्या पहिल्या पानांवर असे एक औषध आहे, की ज्याची मात्रा, शुद्धता आणि परिणाम ही प्रयोगशाळेत व रुग्णालयात पारखून घेतल्याखेरीज ते कोणाच्या दंडात टोचावयाचे नाही, असा शिरस्ता होता.

त्याच मुलखात आज, पिंपरीपासून भोसरी, मोशी, कुरुळी आणि चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या रांगांत, आपल्या देहाविषयीचा निर्णय घेताना कामगार ज्याचा शब्द प्रमाण मानतो, तो माणूस बहुधा त्याच्यापासून दोन मशीन पलीकडे उभा असतो. त्याच्याजवळ वैद्यकाची सनद नसते. त्याच्याजवळ असते ते एक वाक्य: ‘मी स्वतः करून बघितलंय.’ दुसरी पाळी सुटण्याच्या वेळी चाकण एमआयडीसीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभे राहावे. कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या मंडळींत भात बंद केल्याची, सोळा तास पोट रिकामे ठेवल्याची, सकाळी मेथीचे पाणी घेतल्याची, साखर सोडून गुळावर आल्याची हकिकत चाललेली असते, आणि तिचा समारोप ‘फरक पडला’ या दोन शब्दांनी होतो. ऐकणारा पुरावा मागत नाही, कारण पुरावा समोर उभा असतो. त्याचा पट्टा दोन भोके आत गेलेला असतो.

हा सगळा अज्ञानाचा बाजार आहे, असे म्हणून मोकळे होणाऱ्या सुशिक्षितांशी माझा मतभेद आहे. या पट्ट्यातल्या कामगारांशी बोलत गेल्यावर माझी अशी खात्री झाली, की स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याची ही ओढ त्यांच्या व्यवसायातूनच, त्यांच्या उत्तम गुणांतूनच उगवली आहे. आणि म्हणूनच ती कोठे चुकते, हे त्यांच्याच शास्त्राच्या आधाराने त्यांना सांगता येण्यासारखे आहे.

मोशीत राहणाऱ्या एका सेटरचा दाखला देतो. मराठवाड्यातल्या आयटीआयमधून निघून तो या भागात आला, सीएनसीवर ऑपरेटर झाला आणि आता वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मशीनचे सेटिंग करतो. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, ‘गोड बंद करा, चाला’ असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. घरी आल्यावर या गृहस्थाने आलेखाचा कागद काढला आणि कारखान्यात जसा एखाद्या बोअरच्या मापाचा कंट्रोल चार्ट लावतात, तसा स्वतःच्या साखरेचा चार्ट मांडला. वर तांबड्या शाईची एक मर्यादारेषा, खाली दुसरी, मध्ये रोजचे ठिपके; आणि प्रत्येक ठिपक्याखाली बारीक अक्षरांत पाळी कोणती, झोप किती तास, भाकऱ्या किती, चालणे झाले की नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात ठिपके वर सरकतात, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती; ती त्याने स्वतःच्या हाताने काढलेल्या रेषेत पाहिली. तो कागद मी पाहिला तेव्हा घडीवर फाटत आला होता आणि त्याला मागून चिकटपट्टी लावलेली होती. आपल्या देहाकडे इतक्या निष्ठेने पाहणारा रुग्ण कोणत्याही वैद्याला आदरणीय वाटावा.

त्याने जो आहारक्रम धरला होता, त्याचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण तो पुनः सांगण्यासारखा आहे. दिवसातून कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्यात, त्या दोनच वेळा जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटोपावे आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असा हा क्रम. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातला, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो २०१२ साली प्रथम स्वतःवर करून पाहिला, तीन महिन्यांत त्यांचे आठ किलो वजन उतरले, आणि पुढे व्याख्यानांतून व ‘विनासायास वेटलॉस’ या पुस्तकातून तो गावोगाव पोचला. २०१८ साली राज्य सरकारने लठ्ठपणाविरुद्धच्या मोहिमेसाठी त्यांचे नाव पुढे केले. त्याच सुमारास घरचे, हंगामी अन्न थोड्या थोड्या अंतराने खावे असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचाही प्रभाव मध्यमवर्गात मोठा होता, आणि त्या दिवाळीत कित्येक घरांत फराळाच्या ताटाभोवती दोन पक्ष पडलेले दिसत.

दोघेही आपापल्या विषयाचे अधिकारी, तेव्हा अनधिकारी माणसाच्या सल्ल्याशी त्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे तो प्रसाराच्या रीतीत. दीक्षितांच्या योजनेत प्रारंभी आणि तीन महिन्यांनी रक्ततपासणी करण्याचे कलम आहे. टाइप-१ मधुमेहाचे रुग्ण आणि अठरा वर्षांखालील मुले यांनी ती करू नये, असेही बजावलेले आहे. परंतु ती योजना जेव्हा व्याख्यानगृहातून कँटीनमध्ये, कँटीनमधून कंपनीच्या बसमध्ये आणि तेथून एखाद्या सोसायटीच्या कट्ट्यावर आली, तेव्हा प्रत्येक मुक्कामावर तिचे एकेक कलम गळत गेले. कथा शिल्लक राहिली, अटी राहिल्या नाहीत. अखेरीस भोसरीच्या एखाद्या हेल्परच्या कानावर पडते ते एवढेच, की अमक्याने दोनदा जेवून गोळी सोडली. आता ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा तोडल्या, तर गोळी आपले काम करीत राहते आणि पोटात अन्न नसते. रक्तातली साखर धोकादायक पातळीखाली उतरते, घाम सुटतो, हात कापू लागतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे घरी घडले तर वेळीच साखर खाऊन बहुधा निभावते. रात्री अडीच वाजता पॉवर प्रेसपुढे घडले तर त्याची किंमत बोटांनी मोजावी लागते.

मग डॉक्टरांना का विचारीत नाहीत? याचे उत्तर मला बहुतेक ठिकाणी एकच मिळाले, आणि ते तक्रारीच्या सुरात मिळाले नाही. डॉक्टरांना वेळ नसतो. पिंपरी-चिंचवड १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांवर पोचली; संत तुकारामनगरातले यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय या सर्वांचा आणि जिल्ह्यातून येणाऱ्या रुग्णांचाही भार वाहते. कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तरुण डॉक्टरला एका रुग्णासाठी जी चार-दोन मिनिटे मिळतात, त्यांत तो रोगाचे नाव सांगू शकतो; त्या रोगासह फिरत्या पाळीत, डब्यातल्या गार पोळीवर आणि भाड्याच्या खोलीत जगावे कसे, हे सांगू शकत नाही. ते सांगतो तो शेजारच्या मशीनवरचा माणूस. तिसऱ्या पाळीत केव्हा जेवावे, कँटीनमधल्या भाताचे काय करावे, ओव्हरटाइम लागला तर चालायला केव्हा जावे, या प्रश्नांची त्याची उत्तरे चूक असतील. पण ती त्या प्रश्नांची उत्तरे असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचे अनुमान निघाले. एवढ्या लोकांना ‘चाला आणि गोड सोडा’ एवढ्यावर वाटेला लावल्यावर त्यांनी वाटाडे अन्यत्र शोधले, तर दोष त्यांच्या एकट्यांच्या माथी मारता येणार नाही.

स्वतः केल्याखेरीज दुसऱ्यास सांगू नये, हा दंडक महाराष्ट्राच्या अंगी फार जुना मुरलेला आहे, आणि वैद्य नसलेल्या प्रयोगकर्त्यांची एक सन्माननीय परंपराही आपल्याकडे आहे. तिच्यात मला सर्वांत मोहक वाटणारे व्यक्तिमत्त्व औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे. चित्रकार, कीर्तनकार, कलासंग्राहक असा हा संस्थानिक. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावातून उखडले गेले तेव्हा कुंडल रोडजवळची जमीन देऊन १९१० साली किर्लोस्करवाडी वसविण्यास ज्याने हात दिला, तोच हा पुरुष. तारुण्यात त्याने सँडो या पाश्चात्त्य व्यायामपटूच्या साधनांनी शरीर कमावण्याचा उद्योग वर्षानुवर्षे केला, आणि पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून तो सोडून सूर्यनमस्कारांचा नियम धरला. तो त्याने स्वतःपुरता ठेवला नाही. राणीसाहेब, मुले, दरबारी आणि संस्थानातल्या शाळा या सर्वांना त्याने नमस्कारांस लावले, त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि १९३८ साली लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादिलेली त्याची आवृत्ती विलायतेतल्या वाचकांपर्यंत पोचली. आज जगभर जे सूर्यनमस्कार घातले जातात, त्यांच्या प्रसारामागे वैद्यकाचा गंध नसलेल्या एका राजाच्या देहानुभवाचा मोठा वाटा आहे. संस्थानिकाच्या हुकमाने शाळेतली पोरे नमस्कार घालतात, तेव्हा ज्याला ते मानवले नाहीत त्याची कैफियत कोण ऐकणार, हा प्रश्न मात्र त्या पुस्तकात शोधूनही सापडावयाचा नाही.

या बाबतीत गांधीजी मला अधिक निर्भय वाटतात. १९१२ साली त्यांनी दूध सोडले आणि त्यानंतर लिहिलेल्या आरोग्यविषयक लेखमालेत दुधावाचून राहण्याचा पुरस्कार केला. परंतु १९१८ साली आमांशाने ते मरणाच्या दारी पोचले आणि अखेर शेळीच्या दुधावर त्यांचा देह सावरला, तेव्हा त्यांनी आत्मकथेत स्पष्टपणे लिहिले, की माझे ते पुस्तक वाचून ज्यांनी दूध सोडले असेल, त्यांनी सर्व दृष्टींनी लाभ होत असल्याशिवाय किंवा अनुभवी वैद्याचा सल्ला असल्याशिवाय तो प्रयोग पुढे चालवू नये. पुण्याच्या आगाखान महालात बंदिवान असताना १९४२ साली त्यांनी आरोग्यावर पुनः लिहिले आणि १९४६ साली याच जिल्ह्यातल्या उरुळीकांचनला निसर्गोपचाराचे केंद्र उभे केले. त्यांच्या सर्व आहारमतांशी मी सहमत नाही. परंतु फसलेला प्रयोगही त्याच अक्षरांत छापावा, ही त्यांची रीत आजच्या कोणत्याही हौशी आरोग्योपदेशकाकडे मला आढळली नाही.

याच प्रकरणी एक तिसरा माणूस आठवतो, आणि माझ्या मते सगळा मामला त्याच्यापाशी येऊन स्पष्ट होतो. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग शिरला तेव्हा सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या, काही दिवसांत ते बरे झाले. एवढ्यावर थांबून ‘मी स्वतः करून बघितलंय’ असे त्यांना म्हणता आले असते आणि भयभीत मुंबईने त्यांचे ऐकलेही असते. पण स्वतःच्या देहाने दिलेली साक्ष कोठवर पोचते, हे त्यांना अचूक ठाऊक होते: लस घेतल्याने माणूस मरत नाही, इतकेच तिने सांगितले होते, ती घेतल्याने प्लेग टळतो की नाही, याविषयी ती मूक होती. म्हणून त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा, एकाच भिंतीआड, एकाच अन्नावर राहणाऱ्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस टोचली आणि ज्यांनी घेतली नाही त्यांच्याशी त्यांची तुलना केली. टोचलेल्यांत रोग स्पष्टपणे कमी दिसला, आणि मगच लशीविषयी काही म्हणण्याचा अधिकार आला. तुरुंगातल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज आपण विचारू आणि विचारलाच पाहिजे. परंतु ज्याने केले नाही त्याच्याशी ताडून पाहणे, ही जी दुसरी पायरी हाफकिन यांनी चढली, ती टपरीवरच्या हकिकतीत नेमकी गाळलेली असते.

ही पायरी गाळली म्हणजे काय होते, हे मी सेटरला त्याच्याच भाषेत विचारले. एखाद्या मशीनवर रिजेक्शन फार वाढले, त्याच दिवशी तुम्ही टूल बदलले, कूलंट बदलले आणि ऑपरेटरही बदलला, दुसऱ्या दिवशी माल चांगला निघाला, तर श्रेय कोणाला द्याल? तो म्हणाला, ‘कुणालाच नाही. एका वेळी एकच बदल करायचा.’ आणि मग स्वतःच हसला, कारण दोन वेळचे जेवण, चालणे, मद्यत्याग आणि रात्रपाळीतून सुटका या चार गोष्टी त्याने एकाच महिन्यात केल्या होत्या. आणखीही एक फसवणूक आहे. माणूस इलाजाला लागतो तो बहुधा दुखणे शिगेला पोचलेले असते तेव्हा. पाठदुखी, पित्त, वजनाचा काटा, साखरेचा आकडा, ही सर्व वरखाली होणारी मापे आहेत; शिगेवरून ती पुष्कळदा आपोआप उतरतात आणि त्या उताराचे श्रेय त्या दिवशी जे काही पोटात गेले असेल त्याला मिळते. ज्यांना फरक पडला नाही, ते टपरीवर बोलत नाहीत. आणि ज्यांना अपाय झाला, ते त्या दिवशी टपरीवर आलेलेच नसतात.

अपाय काल्पनिक नाहीत. दुधी भोपळ्याचा रस हे आपल्याकडे वर्षानुवर्षे हृदयाचे अमृत म्हणून एका तोंडून दुसऱ्या कानी गेलेले औषध. पण कडवट निघालेल्या दुधीत क्युकरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस पिऊन मृत्यू झाला, त्यानंतर वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञसमितीने कडू रस मुळीच पिऊ नये असे बजावले. तरीही २०१८ साली पुण्यात, नियमाने धावणारी एक स्त्री असाच रस घेतल्यानंतर दगावली. औषध कडू असावयाचेच, या समजुतीने घोट गिळला जातो, आणि जीभ देत असलेली सूचना मानली जात नाही.

पण अनुभवाचे सगळेच ज्ञान असे फसवे नसते. भोसरी हे पैलवानांचे गाव. कारखाने येण्यापूर्वीपासून येथे तालमी आहेत, आणि आज आधुनिक कुस्ती संकुलही आहे. वस्तादाचे ज्ञानही पुस्तकी नव्हे. तेही स्वतःच्या देहावर आणि आपल्या वस्तादाच्या नजरेखाली कमावलेले. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीच्या कडेला उभा राहून एक वयस्क वस्ताद पोरांकडून जोर काढून घेत होते, ते मी बराच वेळ पाहिले. एका पोराच्या छातीचा भाता जरा निराळा चालला होता. मला तो कळला नाही, वस्तादांना कळला. त्यांनी त्याला बाजूस बसविले, काल काय खाल्ले, झोप झाली का, घरी ताप कोणाला आहे, असे विचारले आणि त्या दिवसापुरती बैठकांतून सुटका दिली. अनुभवावर उभे असलेले हे ज्ञान मी कधीही तुच्छ लेखणार नाही; कारण ज्याला सल्ला द्यावयाचा तो देह रोज पहाटे त्यांच्या डोळ्यांसमोर असतो, आणि सल्ला चुकला तर त्याची जबाबदारी त्यांच्या नावावर त्याच गावात फिरते.

तालमीपासून हाकेच्या अंतरावर, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आरशांनी मढविलेली जिम असते. तेथेही प्रामाणिक मार्गदर्शक आहेत. पण तेथे येणाऱ्या कंत्राटी पोराला तीन महिन्यांत हवे असते ते वस्ताद तीन वर्षांत देतात. गेल्या काही वर्षांत पुणे आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी मेफेन्टरमाइन सल्फेटच्या कुप्या वारंवार जप्त केल्या आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यामुळे रक्तदाब घसरला, तर तो सावरण्यासाठी भूलतज्ज्ञाने वापरावयाचे हे औषध. ते व्यायामाला जोर यावा म्हणून तरुण पोरे स्वतःच्या हाताने टोचून घेतात. हृदयाचे ठोके भरमसाट वाढतात, रक्तदाब चढतो, झोप उडते, आणि हळूहळू त्यावाचून चालेनासे होते. कोणाच्या सांगण्यावरून घेतले, असे विचारले तर उत्तर पुनः तेच येते: त्याने घेतलंय, त्याला काही झालं नाही. ज्या पिंपरीत औषधाच्या प्रत्येक कुपीवर तुकडीचा क्रमांक टाकून तिची नोंद ठेवण्याची शिस्त सत्तर वर्षांपूर्वी रुजली, तेथे ही कुपी बेनाम फिरावी, याने मी व्यथित होतो. या बाबतीत कामगाराला समजावणे पुरेसे नाही. पुरवठा करणाऱ्यावर अन्न व औषध प्रशासनाचा अंमल कडकपणे बसला पाहिजे.

परंतु दोन वेळच्या जेवणाचा, चालण्याचा, झोपेचा प्रयोग करणाऱ्याला मी या रांगेत बसविणार नाही. त्याला हवी आहे ती त्याच्या कागदावर नजर टाकणारी जाणती दृष्टी. मोठ्या कारखान्यांत कायद्याने वैद्यकीय केंद्र असते. तेथला डॉक्टर अपघात, दाखले आणि वार्षिक तपासण्या यांत गुंतलेला असतो, हे खरे. तरी हा सेटर आपला फाटका चार्ट घेऊन त्याच्याकडे गेला. डॉक्टरांनी तो टेबलावर पसरून पाहिला, रात्रपाळीतला चढ बोटाने दाखविला, आणि गोळीची वेळ पाळीप्रमाणे बदलून दिली. मग त्यांच्यात आणखी एक बोलणे झाले. लाइनवरचे सहा जण वजन उतरविण्याच्या खटपटीत होते. त्यांपैकी एक जण साखरेची गोळी घेणारा निघाला. त्याला डॉक्टरांनी प्रथम वगळले आणि त्याच्या जागी पेंट शॉपमधला एक जण घेतला. चिठ्ठ्या टाकून तिघांनी महिनाभर रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास चालावयाचे, तिघांनी नेहमीप्रमाणे राहावयाचे, दुसऱ्या महिन्यात अदलाबदल. बाकी खाणेपिणे कोणी बदलावयाचे नाही, आणि वजन सगळ्यांनी एकाच काट्यावर, एकाच वेळी, वैद्यकीय केंद्रात करावयाचे. सहा माणसांवरून जगाला सांगण्याजोगे काही निघणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांना आरंभीच सांगितले. काटा मात्र प्रयोग सुरू होण्यापूर्वी कॅलिब्रेट करून घ्यावा, हा हट्ट सेटरचा होता. डॉक्टरांना ते सुचले नव्हते, आणि तपासल्यावर काटा सहाशे ग्रॅम जास्त दाखवीत असल्याचे निघाले.